तिवसाचा दस्ता

बाच्या उजव्या खांद्याचं हाड आणि त्याच्या बंदुकीचा दस्ता एकाच दिवशी, एकाच दगडावर मोडले. हिवाळ्याचे दिवस होते. नाल्याला घोटाभर पाणी, दगडांवर शेवाळ. तोल सांभाळायला बानं बंदुकीची काठी केली. ज्या माणसानं आम्हा भावंडांना हजारदा बजावलं होतं की बंदूक म्हणजे काठी नव्हे, तिच्यावर भार टाकायचा नाही, त्यानंच टाकला! आत काडतूस नव्हतं, एवढंच काय ते नशीब.

दोघांना एकाच गोधडीवर घरी आणलं. याडी, म्हणजे माझी आई, बाला शिव्या घालत रडत होती, आणि मी दस्त्याचे दोन तुकडे हातात घेऊन पाहत बसले होते. मला ही खोडच आहे. कोणतीही वस्तू मोडली की ती आतून कशी आहे ते आधी पाहायचं, हळहळ मागून. दस्ता जिथं हाताच्या मुठीत येतो त्या बारक्या मानेशी तो तिरपा फाटला होता, आणि लाकडाचे दोरे दोऱ्याशेजारी दोरा असे सरळ खाली उतरले होते. मी म्हटलं, "बा, हे लाकूड वाकलेलंच नव्हतं. वाकवल्यासारखं कापलं होतं नुसतं." बा कण्हत म्हणाला, "छोरी, आधी मले दवाखान्यात ने, मंग लाकडाचं शवविच्छेदन कर." (घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतो. इथं मराठीत लिहिते आहे, तेही जसं खालच्या गावात बोलतो तसं.)

दारव्ह्याच्या डॉक्टरनं खांदा बांधला आणि सांगून टाकलं, या खांद्यावर आता पोतं ठेवायचं नाही आणि बंदुकीचं तर नावच काढायचं नाही. बानं मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाला, "डॉक्टरले काय समजते बंदुकीतलं!"

बंदूक एकनळी, बारा बोअरची. परवाना पीकरक्षणाचा, बाच्या नावावर. बा कधी जनावरावर नेम धरायचा नाही. दिवस कलला की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून एक बार हवेत टाकायचा, की जंगलाच्या कडेला जमलेली डुकरं आल्या पावली परत. तांड्यातली अर्धी शेतं त्या एका आवाजावर विसंबून होती. बार झाला नाही तर म्हातारे विचारायचे, "काहून बाप्पा, आज तुमचा बार नाई झाला?" तेवढ्या एका प्रश्नावर बा जगात उभा होता, असं म्हटलं तरी चालेल.

आणि नेमकं त्याच वर्षी त्यानं पावसाळ्यात मका लावायचं ठरवलं. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी अळी, कधी भाव, आणि दोन्ही चुकलं तर बियाणंच बोगस. तांड्यात जो तो दुसरं काही करून पाहत होता. कापसाचा एकच गुण होता, डुकरं त्याला तोंड लावत नाहीत. मका म्हणजे त्यांना अक्षता देऊन केलेलं आवतण. मी बाला तसं म्हटलंही. बा म्हणाला, "बंदूक हाय ना." मी दोन तुकडे त्याच्यासमोर धरले. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असा माझा बाप.

म्हणजे गोष्ट साधी होती. मक्याला कणीस धरायच्या आत बंदुकीला दस्ता पाहिजे होता, आणि दस्त्याला खांदा. बाचा खांदा हाड जुळल्यावरही एका बाजूनं खाली उतरला होता, आणि सदरा घालताना तो दात आवळायचा. ते आम्हाला दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा तसं तो दाखवायचा.

उन्हाळ्यात आम्ही यवतमाळला बंदुकीच्या दुकानात गेलो. परवान्याचं पुस्तक बाच्या खिशात, बंदूक गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. जीपमधली एक म्हातारी सारखी त्या गाठोड्याकडे पाहत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "पोर आजारी हाय काय वं?" मी म्हटलं, "हौ, मान मोडली." ती जी डोळ्याला पदर लावून बसली, ती दारव्हा येईपर्यंत.

दुकानदारानं तीन दस्ते काढून काचेवर ठेवले. दोन अक्रोडाचे, एक शिसवाचा. मला वाटलं होतं, दस्ता म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा, जाड-बारीक एवढाच काय तो फरक. पण त्या माणसानं एक दस्ता उभा धरला आणि म्हणाला, "ताई, मागून पाहा." पाहिलं, तर तो सरळ नव्हताच! अगदी सुताएवढा एका अंगाला कललेला. "गाल टेकला की डोळा बरोबर नळीच्या मागं यायला पाहिजे," तो म्हणाला. "म्हणून कलता ठेवतात. लांब मानेच्या माणसाचा वेगळा, भरल्या गालाच्या माणसाचा वेगळा. दुसऱ्याच्या मापाची बंदूक म्हणजे दुसऱ्याचा चष्मा." मी विचारत सुटले. गाल बारीक झाला तर? हिवाळ्यात स्वेटर घातला तर लांबी पुरते काय? अक्रोडच कशाला? बा अवघडून गेला. दुकानदार मात्र खूश होता. त्याला बहुधा वर्षानुवर्षं कोणी काही विचारलंच नव्हतं.

"माप कोणाचं घ्यायचं?" त्यानं विचारलं.

"माह्यं," बा म्हणाला, आणि शिसवाचा दस्ता उचलून उजव्या खांद्याला लावला. नुसतं लाकूड, लोखंडही नाही. तरी त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं दस्ता हळूच काचेवर ठेवला, लाकडावर टिचकी मारली आणि म्हणाला, "कच्चं हाय." दुकानदार माझ्याकडे पाहू लागला, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बाहेर येऊन आम्ही दोघांनी उसाचा रस प्यायला आणि लाकडांना नावं ठेवली.

मग बाच्या डोक्यात सागवान आलं. येणारच! सागवानाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला दुसरं लाकूड लाकूडच वाटत नाही. देव्हारा सागाचा, दार सागाचं, मग बंदूक का नको? जुन्या दाराची एक फळी घेऊन आम्ही खालच्या गावात मिस्तरीकडे गेलो. हे आमच्याकडचे जुने वाढई, म्हणजे सुतार. वखर, तिफण, बैलगाडी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ट्रॅक्टर आल्यापासून चौकटी आणि खाटा करायचे. बंदुकीच्या लोखंडाला मी हात लावणार नाही, तू समोर बसशील तेव्हाच खाच पाडीन, ही त्यांची पहिली अट. दुसरी अट त्यांनी फळी वाजवून सांगितली.

"भाऊ, सागवान राजा हाय. राजाले गादीवर बसव, त्याच्या हाती कुदळ देशीन त कमरेत मोडन. हे नाई करत मी."

"हवेतच त उडवाचं हाय," बा चिडून म्हणाला. "कोणतंबी चालते."

"हवेत उडवली तरी धक्का खांद्यालेच बसते," मिस्तरी म्हणाले.

बानं फळी उचलली. मला मात्र त्या माणसाच्या दुकानाचं वेडच लागलं. मी तांड्यावर अंगणवाडी चालवायची. दुपारी पोरं घरी पाठवली की उतरणीनं कोसभर खाली. कोणतं लाकूड कशाला, हे मिस्तरींना तोंडपाठ होतं. कुऱ्हाडीला धावडा, चाकाला बाभूळ, आणि जिथं झटका बसतो पण तुटायचं नाही, तिथं तिवस. तिवसाचा तुकडा त्यांनी माझ्या नाकाशी धरला, वास असा काहीच नाही. मग दोन टोकं विटांवर ठेवून वर चढा म्हणाले. मी चढले, उडी मारली. लाकूड दबलं आणि परत वर आलं. मी इतकी खूश झाले की पुन्हा चढले. मिस्तरी म्हणाले, "बाई, बस करा, पोट्टे पाहून राह्यले."

लाकूड शेवटी आमच्याच गोठ्यामागं सापडलं. तिथं मोडकी रेंगी पडली होती, म्हणजे दोन माणसांची हलकी बैलगाडी, माझ्या जन्माआधीची. तिची धुरी, बैलांच्या बाजूनं पुढं जाणारा लांब दांडा, तिवसाची होती आणि टोकाशी जन्मजात वाकलेली. मिस्तरींनी त्या वाकावर थुंकी लावून अंगठा फिरवला. ओल्या जागी दोरे दिसले, वाकाबरोबर वळत गेलेले. तुटक्या दस्त्यात मी पाहिलं होतं त्याच्या अगदी उलट! मिस्तरी म्हणाले, "वाक लाकडातच पाह्यजे. करवतीनं काढलेला वाक एक दिवस दगा देते." हे मी नाल्याच्या दिवशीच ओळखलं होतं, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. तीनदा ते "वा बाई" म्हणाले.

राहिलं माप. मिस्तरी माप टेपनं घेत नसत. कुऱ्हाडीचा दांडा करायचा तर माणसाला आधी लाकडं फोडायला लावायचे आणि बिडी ओढत बघत बसायचे. "माणूस उभा राह्यला की ऐटीत राह्यते," म्हणायचे. "कामात असला की खरा दिसते. सांग भाऊ, चालवणार कोण?"

बा मातीकडे पाहत म्हणाला, "माह्या पोराच्या मापाचा कर."

माझा मोठा भाऊ पुण्याकडे कंपनीत. तीन वर्षांत दोनदा घरी आला होता. मी तिथंच, भुशात उभी होते. बाचा खांदा मोडल्यापासून शेतातली रात्रीची जागल माझी आणि याडीची, डबे बडवून माझे तळहात सोललेले, गोधडीतली बंदूक मांडीवर घेऊन यवतमाळ मी पाहिलेलं. आणि माप पुण्याचं! माझ्या कानशिलातून वाफ निघाली, पण परक्याच्या दारात बापाला बोलायचं नाही, म्हणून ओठ आवळून चढण चढले. दसऱ्याला त्या बंदुकीला हळदकुंकू लावायला मी लागायची, उचलायला मात्र नाही. बाईनं उचलू नये म्हणे. कोणी ठरवलं, विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे.

दोन दिवसांनी बा खालच्या गावात जाऊन भावाला फोन करून आला. याडी दारातच उभी होती. बा म्हणाला, "पोळ्याले येते म्हणे." याडीचं तोंड असं उजळलं, की मीही माझा राग जरा खाली ठेवला.

पण आश्चर्य असं, की भावाचं माप अजून यायचं होतं तरी मिस्तरींनी काम थांबवलं नाही. ते दस्त्याचं नव्हे, खाटेचं, असं मला वाटायचं. "बाई, तुमचे डोळे कोवळे हायेत," ते म्हणायचे. "ही पट्टी सरळ हाय का पाहा बरं. खांद्याले लावा, गाल टेकवा, एक डोळा मिटा." मी पाहायची. पट्टी सरळ की वाकडी, ते मी मोठ्या रुबाबात सांगायची. ते गालाजवळ पेन्सिलीची खूण करायचे, पट्टी परत घ्यायचे, रंधा मारायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी पट्टी, जरा जाड. कधी म्हणायचे, भुशाची टोपली उचलून या आणि मग पाहा, दमल्यावर नजर कशी लागते बघू. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर अधू झाली, बिचारा. एवढी चौकस म्हणवून घेणारी मी, पण ती इतकी जाड पट्टी कोणत्या खाटेला लागते, हे एकदाही विचारलं नाही. बह्याड कुठची!

पोळा आला. बैल सजले, तोरणाखालून गेले, घरी आले. याडीनं चार ताटं वाढली. तिन्हीसांजेची शेवटची जीप तांड्याच्या फाट्यावर थांबली, दोन बाया आणि एक बकरी उतरली आणि जीप गेली. याडीनं चौथ्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं. बा बैलाच्या पाठीवरची झूल काढत होता, शांतपणे. त्याचा तो शांतपणा पाहून माझा बांध फुटला.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा!" मी अंगणातून ओरडले. शेजारच्या दोन घरांचे दिवे बाहेर आले. "डबे मी बडवून राह्यली, जागल मी करून राह्यली, अन् माप पुण्याहून येईन! मी काय बुजगावणं हाव काय? दिसत नाई काय तुले मी? ज्याले खांदा हाय त्याले मन नाई, अन् ज्याले मन हाय त्याचा खांदा तुले दिसत नाई!"

 बानं झुलीची घडी घातली. एका हातानं घडी नीट येईना, म्हणून ती मांडीवर घेतली आणि पुन्हा घातली. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा, लाकडी बैलांचा. माझी अंगणवाडीची पोरं चाकावरचे बैल ओढत खालच्या गावात फिरली, आणि मी त्यांच्यामागं. निम्मे बैल मिस्तरींनीच केलेले. पोरं खाऊ घ्यायला गेली तेव्हा त्यांनी मला दुकानात हाक मारली. विकले न गेलेले दोन-तीन बैल ओट्यावर होते, आणि त्यांच्याशेजारी जुन्या धोतरावर दस्ता. तेल प्यायलेला, मधासारखा तपकिरी. मानेतला वाक दोऱ्यांसकट वळलेला.

"लावा," मिस्तरी म्हणाले.

मी खांद्याला लावला. तो खांद्याच्या खळगीत जाऊन बसला. गाल टेकवला, तर गालाला जागा आधीच करून ठेवलेली. मी डोळा मिटला आणि दारातून पलीकडचा कडुनिंब पाहिला. मान कुठंच वळवावी लागली नाही. पट्ट्या, टोपल्या, पेन्सिलीच्या खुणा, सगळं एकदम ध्यानात आलं.

"काका, हा त माह्या मापाचा हाय."

"मंग कोणाच्या? मी कायले पुण्याले जातो!"

"बाले राग येईन. त्यानं भावाच्या मापाचा सांगतला होता."

मिस्तरींनी बिडी विझवली. "बाई, तुमच्या बानं फोन केला त्या दिवशी तो इथूनच गेलता घरी. पोट्ट्यानं फोनवर साफ सांगतलं त्याले, मी येत नाई, बंदूक इकून टाका. माय रडन म्हणून पोळ्याचं नाव त्यानंच घेतलं. अन् इथं बसून मले म्हणे, मिस्तरी, पोरीच्या मापाचा कर, पण तिले सांगू नको."

"काहून?"

"मीबी हेच इचारलं. म्हटलं, भाऊ, सरळ इचार ना तिले. त म्हणे, एकानं नाई म्हटलं. दुसरीनंबी म्हटलं, त मी कोठी जाऊ?"

मी तिथंच भुशात बसले आणि रडले. काल रात्री, अख्ख्या तांड्यासमोर, त्या माणसाला मी काय काय बोलले होते! आणि तो घडी घालत बसला होता.  मिस्तरींनी दस्ता धोतरात गुंडाळून माझ्यापुढं ठेवला आणि पोरांचे बैल मोजायला बाहेर गेले.

घरी आले तेव्हा बा खाटेवर बसून दोरी वळत होता. मी धोतर सोडून दस्ता त्याच्या मांडीवर ठेवला. तो दस्त्याच्या मानेवरून अंगठा फिरवत राहिला.

"रेंगीची धुरी," तो म्हणाला.

"हौ. लावून पाहा."

त्यानं उचलला, उजव्या खांद्याकडे नेला आणि मध्येच थांबला. कोपर बरगडीला लागत होतं. "मले छोटा होते," बा म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी दस्ता त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या खांद्याला लावला. "मले बरोबर होते," मी म्हटलं.

 बा एकदम खेकसला, "गाल असा सैल ठेवते काय वं? चिकटव लाकडाले! नाई त दात पडतीन सारे!" याडी चुलीपासून म्हणाली, "आजच लेकीचे दात पाडू नका." आणि कालची माफी मागायची माझ्या तोंडातच राहिली. ती नंतरही कधी मागितली नाही. बानंही कधी जागा दिली नाही.

परवान्यावर माझं नाव चढेपर्यंत त्या वर्षीचा मका गेला. अर्धा डुकरांनी खाल्ला, अर्धा आम्ही डबे बडवून वाचवला. बानं पुढच्या वर्षीही मकाच लावला. सांगून ऐकतो थोडाच!

पहिला बार मी त्या दुसऱ्या मक्याच्या वर्षी टाकला. सूर्य अजून होता. धुऱ्यावर अर्धा तांडा उभा, म्हातारे पुढं. बा माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि त्यानं आपला उजवा तळहात माझ्या खांद्यामागं दाबून धरला. मी म्हटलं, "बा, तू दूर हो, डॉक्टरनं सांगतलं." तो म्हणाला, "आभाळाकडं पाहा अन् गाल चिकटव."

बार झाला. जंगलाच्या कडेनं बगळे उडाले. धक्का माझ्यातून आरपार मागं गेला आणि त्याच्या तळहातात थांबला.

"लागलं काय वं?" बानं विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "तुले?"

"थोडंसं," बा म्हणाला, आणि हात तिथंच ठेवला.